मागच्या दोन चाकांची शेवटची बाजी

१९८० साली पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला आल्गार्व्ह रॅलीत एक गाडी पळाली, पण निकालपत्रात तिचं नाव आलं नाही. येणार कसं? ती स्पर्धेत नव्हतीच. ऑडी कंपनीच्या नव्या क्वात्रोला तेव्हा स्पर्धेची अधिकृत मान्यता मिळायची होती, म्हणून सगळ्या स्पर्धकांच्या आधी रस्ता पाहून येणारी गाडी या नात्याने तिला सोडलं होतं. स्टिअरिंगवर होता फिनलंडचा हानु मिक्कोला. रॅली संपल्यावर तिची वेळ विजेत्याच्या वेळेशी ताडून पाहिली, तर क्वात्रो जवळपास अर्धा तास पुढे होती. ज्या खेळात सेकंदांवरून वाद होतात, तिथे अर्धा तास!

गुपित काही नव्हतं. इतरांच्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना मिळत होती, हिच्यात चारही चाकांना. त्या दिवशी पोर्तुगालमधून परतणाऱ्या कुठल्याही शहाण्या इंजिनिअरने आपल्या मागच्या चाकांच्या गाडीचे नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकायला हवे होते. इटलीतल्या तोरिनोत मात्र लान्चा कंपनीच्या लोकांनी नेमकं उलट केलं. त्यांनी नवी गाडी आखली आणि तिलाही मागचीच दोन चाकं ढकलणार होती.

मागच्या चाकांनी चालणारी गाडी म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, आणि हिंदमोटरची ॲम्बेसेडर, दोन्ही याच जातीच्या. इंजिन पुढे, गाडीच्या पोटाखालून जाणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, आणि ढकलण्याचं काम मागे. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं. कामाची ही वाटणी साधी आहे आणि तिचा एक मोठा फायदा आहे. गाडीला जोर दिला की तिचं वजन मागे रेलतं, म्हणजे ज्या चाकांना जमीन धरायची आहे त्यांच्यावरच भार पडतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर याच्यापेक्षा सरळ हिशेब नाही. अडचण पावसाळ्यात. चिखलात पद्मिनी रुतली की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, आणि मग कुणीतरी अनुभवी माणूस दोघांना डिकीवर बसायला सांगायचा. रिकाम्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर वजन नाही, म्हणून पकड नाही. त्यावर गावठी उपाय तो एवढाच.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना ऑडीची नव्हती. हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंच्या कंपनीने १९०३ सालीच सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची, चारही चाकं ओढणारी आणि चारही चाकांना ब्रेक असलेली गाडी बांधली होती. त्याच्याही आधी फर्डिनांड पोर्श नावाच्या तरुणाने व्हिएन्नातल्या लोनर कंपनीसाठी चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवलेल्या गाड्या केल्या होत्या, आणि त्यातली एक चारही चाकांची होती. पण पुढची अनेक दशकं ही विद्या शेतात, जंगलात आणि सैन्यात राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीप लाखोंनी बांधल्या आणि जगाच्या डोक्यात पक्कं बसलं, की चार चाकांची गाडी म्हणजे ओबडधोबड, उंच, सावकाश, काम झालं की धुवून ठेवायची.

ही समजूत मोडायचे प्रयत्न झाले. ट्रॅक्टरवाला हॅरी फर्ग्युसन चार चाकांच्या नादाने झपाटलेला माणूस होता. त्याच्या कंपनीने बांधलेली रेसिंग गाडी स्टर्लिंग मॉसने १९६१ साली ओल्टन पार्कमध्ये पावसात जिंकून दाखवली. याच फर्ग्युसन पद्धतीवर १९६६ साली इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ निघाली. देखणी, वेगवान आणि काळाच्या फार पुढे असलेली ही गाडी जेमतेम ३२० नग बनून बंद पडली. जपानमध्ये गोष्ट जास्त जमिनीवरची होती. तोहोकु वीज कंपनीच्या लाइनमनना बर्फातल्या डोंगरांत खांबांपर्यंत पोचायचं होतं आणि जीपमध्ये ते गारठत होते. त्यातून सुबारूने १९७२ साली चार चाकांची लिओने इस्टेट काढली. वेगाशी तिचा काही संबंध नव्हता.

आपल्याकडे ही विद्या जीपसोबतच आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रा कंपनी माझगावला विलिस जीपचे सुटे भाग जोडू लागली आणि महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत जास्तीच्या लिव्हरचा संसार सुरू झाला. नेहमीच्या गिअरच्या शेजारी फोर बाय फोरचा. जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम असे: चिखल संपून डांबर लागलं की फोर बाय फोर काढायचं. तो नियम पाठांतराचा नव्हता, त्यामागे कारण होतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरडं डांबर घसरू देत नाही. मग शाफ्ट पिळला जातो, स्टिअरिंग जड होतं, आणि ऐकलं नाही तर काहीतरी मोडतं.

जीपवाल्यांना ठाऊक असलेली हीच गोष्ट ऑडीच्या मंडळींना एका महिलेने दाखवून दिली, पण ते पुढे.

१९७७ च्या सुमारास ऑडीचे इंजिनिअर फिनलंडच्या बर्फात गाड्या तपासत होते. सोबतीला सैन्यासाठी बनत असलेली फोक्सवॅगन इल्टिस होती. जीपच्या जातीची, ७५ अश्वशक्तीची, दिसायला गवंड्याच्या घमेल्यासारखी. तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्यांना ती बर्फावर मागे टाकू लागली. चासीचं काम पाहणारा योर्ग बेन्सिंगर हे पाहून थांबला आणि त्याने विचार केला तो सैन्याच्या गाडीचा नाही, हायवेवरच्या गाडीचा. प्रस्ताव त्याने आपला वरिष्ठ फर्डिनांड पीएख याच्यापुढे ठेवला. पीएख हा त्या लोनरवाल्या पोर्शचाच नातू. घराण्यात चार चाकं होती म्हणायची.

जानेवारी १९७८ मध्ये नमुन्याची गाडी ऑस्ट्रियातल्या टुराखर होहे घाटावर नेली. तिथला चढ काही ठिकाणी २३ टक्के, रस्त्यावर बर्फ, आणि गाडीला टायर साधे, उन्हाळ्याचे. गाडी चढली. ऑडी ज्यांच्या मालकीची त्या फोक्सवॅगनच्या वरच्या साहेबांना पटवायला एवढं पुरेसं होतं. मग एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीने तीच गाडी व्हिएन्नाच्या गल्ल्यांत चालवली आणि परत येऊन सांगितलं, की पार्किंग करताना गाडी उड्या मारते. जीपचा तोच जुना रोग! पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये फरक सोसणारं डिफरन्शियल हवं होतं. पण त्यासाठी जीपसारखी वेगळी पेटी लावली असती तर गाडी जड आणि उंच झाली असती. तोडगा फ्रांत्स टेंगलर या इंजिनिअरने काढला. गिअरबॉक्समधला एक शाफ्ट, जेमतेम सव्वीस सेंटिमीटर लांबीचा, पोकळ करायचा. ताकद त्या नळीतून मागे डिफरन्शियलकडे जाणार, तिथे दोन वाटे होणार, आणि पुढचा वाटा त्याच नळीच्या आतून फिरणाऱ्या दुसऱ्या शाफ्टने परत पुढे येणार. बाहेरून पाहणाऱ्याला हा गिअरबॉक्स चार चाकांचा आहे हे कळतही नाही. क्वात्रोच्या जन्माचं श्रेय घ्यायला नंतर अनेक जण पुढे आले, पण ती पोकळ नळी नसती तर हे सगळं घाटातल्या एका प्रयोगावरच थांबलं असतं.

रॅलीच्या नियमांनी १९७९ साली चार चाकांना परवानगी दिली, तेव्हा इतर कंपन्यांनी फारशी हरकत घेतली नाही. जड, किचकट गाड्या येतील आणि मोडतील, असाच सर्वांचा होरा होता. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो लोकांसमोर आली, पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती. १९८१ मध्ये मिक्कोलाने स्वीडनची रॅली जिंकली आणि त्याच वर्षी मिशेल मूतोंने सॅनरेमो जिंकून जागतिक रॅली जिंकणारी पहिली महिला होण्याचा मान मिळवला.

होरा अगदीच चुकीचा मात्र नव्हता. क्वात्रो मोडायची. १९८२ साली मूतोंने तीन रॅली जिंकल्या, ऑडीने कंपन्यांचं विजेतेपद नेलं, पण चालकांचं विजेतेपद तिच्या हातून सुटलं. वडील गेल्याची बातमी डोक्यावर घेऊन ती आयव्हरी कोस्टची रॅली चालवत होती. आधी गाडीने त्रास दिला, मग अपघात झाला. जिंकला तो वाल्टर रोर्ल. त्याची ओपल आस्कोना ४०० ही टर्बो नसलेली, मागच्या चाकांची, अगदी सरळमार्गी गाडी. रोर्ल जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा, रॅलीत येण्याआधी तिथल्या बिशपच्या कार्यालयात नोकरीला होता आणि साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हरही. उंच, सडसडीत, मोजकं बोलणारा, आणि घड्याळाशी वैर असल्यासारखा चालवणारा माणूस.

लान्चाचा संघप्रमुख चेझरे फिओरिओ याने १९८३ साठी नेमका हाच माणूस उचलला.

फिओरिओकडे गाडी होती लान्चा रॅली, पण सगळे तिला आबार्थच्या प्रकल्प-क्रमांकाने ओळखतात, ०३७. लान्चा फियाटच्या घरातली, आबार्थही. इंजिनिअर सर्जिओ लिमोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोंतेकार्लो नावाच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीचा मधला भाग घेतला, त्याला पुढे-मागे नळ्यांचे सांगाडे जोडले, पिनिनफारिनाने वरचं अंग घडवलं. इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीशी, मागच्या ॲक्सलच्या पुढे. त्यामुळे डिकीवर माणसं बसवायची गरजच नाही, वजन आपसूकच ढकलणाऱ्या चाकांजवळ. टर्बोऐवजी सुपरचार्जर, कारण त्या काळच्या टर्बोमध्ये पाय दाबल्यावर ताकद यायला क्षणभर वाट पाहावी लागे आणि घाटाच्या वळणावर तो क्षण महाग पडतो. गाडीचं वजन हजार किलोच्या आत. क्वात्रो चांगलीच जड, आणि तिचं इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेलं, त्यामुळे वळणावर तिचं नाक बाहेर पळायचं.

चार चाकं लान्चाने का घेतली नाहीत, याचं उत्तर हट्ट असं देता येत नाही. चार चाकांची रॅलीगाडी शून्यातून बांधायला वेळ लागला असता आणि तोवर हातात काहीच नसतं. घरात जे येत होतं त्याचा कस लावायचा, एवढाच तो निर्णय. पुढे काय होणार हे त्यांना दिसत असावं, कारण ०३७ धावत असतानाच तिच्या चार चाकांच्या वारसदाराचं काम सुरू झालं.

नव्या ग्रुप बी वर्गात भाग घ्यायला २०० गाड्या बांधून दाखवाव्या लागत. लान्चाकडे तपासणीच्या दिवशी साधारण निम्म्याच होत्या, असं सांगतात. पाहुण्यांना एका आवारात गाड्या मोजू दिल्या, मग निवांत जेवायला नेलं, आणि उरलेल्या गाड्या दाखवायला दुसऱ्या आवारात नेईपर्यंत पहिल्याच गाड्या तिथे जाऊन उभ्या होत्या. किस्सा किती खरा, किती रंगवलेला हे ज्याचं त्याने ठरवावं. फिओरिओच्या स्वभावाला तो शोभतो.

जानेवारी १९८३, मोंते कार्लो. ही रॅली आल्प्सच्या घाटांत होते आणि तिचं सगळं नाट्य टायरचं असतं. एकाच टप्प्यात खालच्या अंगाला कोरडं डांबर, माथ्यावर बर्फ, उतरताना सावलीत काळा बर्फ. खिळ्यांचे टायर लावले तर डांबरावर वेळ जातो, गुळगुळीत लावले तर बर्फावर गाडी जाते. त्या वर्षी बर्फ कमी पडला होता, आणि फिओरिओने ते नशीब पुरेपूर वसूल केलं. बर्फाचा पट्टा संपला की टप्प्याच्या मधेच गाडी थांबवायची, रस्त्याकडेला थांबलेल्या मिस्त्र्यांनी काही क्षणांत टायर बदलायचे आणि उरलेला रस्ता डांबराच्या टायरवर काढायचा. घड्याळ चालू असताना थांबणं हे ऐकायलाच वेडेपणाचं वाटतं, पण नियमांत त्याला बंदी नव्हती आणि गणित बरोबर होतं. उरलेल्या बर्फावर लान्चाच्या माणसांनी मीठही टाकलं, ही गोष्ट इटलीत आजही मिटक्या मारत सांगितली जाते. निकाल लागला: रोर्ल पहिला, मार्कु अलेन दुसरा, दोघेही ०३७ मध्ये. ऑडीवाले त्यांच्या मागे.

पुढच्या महिन्यात स्वीडनची रॅली होती, सगळी बर्फावर. लान्चा गेलीच नाही. ही खरी चाल. आपली गाडी कुठे हरणार हे ज्याला कळतं त्याने तिथे कशाला जावं? स्वीडनला मिक्कोला जिंकला, पोर्तुगालला मिक्कोला जिंकला. मग कोर्सिकाचे डांबरी घाट आले, तिथे अलेन. ग्रीसच्या दगडी, धुळीच्या रस्त्यांवर क्वात्रोचं राज्य असायला हवं होतं, पण जिंकला रोर्ल. न्यूझीलंडच्या खडीवरही रोर्लच. त्याचं तिथलं चालवणं पाहणारे ०३७ च्या चाहत्यांमध्ये वेगळा मान राखून असतात. अर्जेंटिना आणि फिनलंड परत मिक्कोलाकडे. मधल्या सफारी रॅलीत आरी वातानेन ओपलमध्ये जिंकला, तीही मागच्याच चाकांची.

ऑक्टोबरमध्ये सॅनरेमो. लान्चाचं घरचं अंगण, थोडं डांबर, थोडी खडी. अलेन पहिला, रोर्ल दुसरा, आत्तिलिओ बेत्तेगा तिसरा. दोन रॅली शिल्लक असतानाच कंपन्यांचं विजेतेपद लान्चाकडे गेलं, आणि त्या दोन रॅलींना लान्चाने पाठ दाखवली. वर्षअखेरचे गुण: लान्चा ११८, ऑडी ११६. चालकांचं विजेतेपद मिक्कोलाचं, म्हणजे ऑडीचं. त्यानंतर आजवर दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या कुठल्याही गाडीने कंपन्यांचं जागतिक रॅली विजेतेपद जिंकलेलं नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरात भारतात मारुती ८०० आली, पुढच्या चाकांनी ओढणारी, आणि पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या राज्याला तडा गेला. तोरिनोत आणि गुरगावात एकाच हंगामात प्रोपेलर शाफ्टचे दिवस भरत आले, कारणं मात्र अगदी वेगळी. इकडे प्रश्न होता जागेचा, पेट्रोलचा आणि किमतीचा.

किमतीचा प्रश्न अजून संपलेला नाही. नाशिकला बनणारी थार, माझगावच्या त्या जीपची वंशज, जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही आणली, फोर बाय फोरपेक्षा स्वस्त. ट्रेकवाल्या मंडळींनी नाकं मुरडली. पण पुण्याच्या सोसायटीतून ऑफिसला आणि वर्षातून चारदा लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीने पुढच्या शाफ्टचं वजन कशाला वाहावं, या प्रश्नाला त्यांच्याकडेही चांगलं उत्तर नव्हतं. रांगा लागल्या त्या स्वस्त थारसाठीही.

०३७ ने १९८४ मध्ये आणखी एकच जागतिक रॅली जिंकली. कोर्सिका, डांबर, अलेन. एकूण सहा विजय. पुढच्या वर्षी त्याच कोर्सिकाच्या रस्त्यावर ०३७ मध्येच बेत्तेगाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंग्लंडच्या आरएसी रॅलीत वारसदार उतरला. डेल्टा एस४, चार चाकं, टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही एकत्र. हेन्री टोयव्होनेन पहिला, अलेन दुसरा. सहा महिन्यांनी टोयव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो कोर्सिकातच दरीत कोसळून जळाले आणि ग्रुप बीचा वर्ग वर्षअखेरीस बंद करण्यात आला. त्यानंतरच्या साध्या, दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या वर्गात लान्चाच्याच चार चाकांच्या डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा विजेतेपदं घेतली. चार चाकांना हरवणाऱ्या घरानेच पुढे चार चाकांचा सर्वात लांब संसार केला.

राहता राहिला रोर्ल. मोंते कार्लो त्याने १९८० मध्ये फियाट १३१ मध्ये जिंकली होती, १९८२ मध्ये ओपलमध्ये, १९८३ मध्ये लान्चामध्ये. तिन्ही मागच्या चाकांच्या. १९८४ साठी तो ऑडीकडे गेला. मागच्या चाकांची गाडी वळणावर ॲक्सिलरेटरने फिरवायची सवय असलेल्या माणसाला नाक बाहेर काढणाऱ्या क्वात्रोशी जुळवून घेताना सुरुवातीला जड गेलं. तिला वळवायचं तर उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबावा लागे, आणि जागतिक विजेता असूनही तो हे नव्याने शिकायला बसला. त्या जानेवारीत मोंते कार्लोला भरपूर बर्फ पडला होता. पहिल्या तीन जागांवर तीन क्वात्रो आल्या, आणि सर्वात पुढे रोर्लच होता.